ब्रिटिश सरकारवर मीम कसं करावं: लेट्यूस, चष्मे आणि थोडा कायदा

ऑक्टोबर २०२२ मध्ये 'डेली स्टार' या ब्रिटिश टॅब्लॉइडने टेस्कोतून ६० पेन्सचा एक लेट्यूस आणला, त्याला डोळे चिकटवले, वर विग चढवला, शेजारी लिझ ट्रस यांचा फोटो ठेवला आणि कॅमेरा लावून दिला. प्रश्न एवढाच की आधी कोण जाणार, भाजी की पंतप्रधान? १४ तारखेला थेट प्रक्षेपण सुरू झालं आणि २० तारखेला ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. लेट्यूस जिंकला.

लोक हसले विगला, पण मीम चाललं ते त्यामागच्या हिशेबामुळे. २३ सप्टेंबरच्या मिनी बजेटमध्ये ४५ अब्ज पाउंडांची करकपात होती आणि पैसे कुठून येणार याचा पत्ता नव्हता. तीन दिवसांत पाउंड डॉलरसमोर नीचांकाला गेला, २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडला सरकारी रोखे विकत घ्यायला उतरावं लागलं, मॉर्गेजचे दर भडकले. हप्ता भरणाऱ्याला ती भाजी समजावून सांगावी लागली नाही. मूळ कल्पनाही कुणा विनोदवीराची नव्हे. ट्रस यांच्या हातात कारभार खरोखर किती दिवस होता ते मोजून 'द इकॉनॉमिस्ट'ने म्हटलं होतं की हे साधारण लेट्यूसच्या आयुष्याएवढं झालं. गंभीर लेखातलं एक वाक्य उचललं आणि त्याला डोळे लावले, बस्स.

हा लेख मुख्यतः ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांसाठी आहे. स्लाऊ, रेडिंग, मिल्टन कीन्सच्या ग्रुपांवर सरकारला शिव्या रोज पडतात, पण त्या ग्रुपातच विरतात. "आपण व्हिसावर, आपल्याला काय बोलायचा हक्क" हे मनातून काढून टाका. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्याने इथे राहण्याचा परवाना असलेल्या भारतीय नागरिकाला मतदार यादीत नाव घालता येतं आणि सार्वत्रिक निवडणुकीत मतही देता येतं. जो मत देतो आणि दर महिन्याला नॅशनल इन्शुरन्स भरतो, त्याने सरकारची टिंगल करायला हरकत नाही.

आधी निर्णय धरा, चेहरा नंतर

"हे सरकार बेकार आहे" यावर मीम होत नाही. एक निर्णय लागतो, ज्याला तारीख आहे, ज्यावर एखाद्या मंत्र्याची सही आहे आणि ज्यात शक्यतो पाउंडांचा आकडा आहे.

२४ सप्टेंबर २०२४ ला लिव्हरपूलच्या लेबर पक्षाच्या अधिवेशनात पंतप्रधान कीर स्टार्मर 'ओलिसांना (हॉस्टेजेस) परत आणा' म्हणायला गेले आणि तोंडातून 'सॉसेज' निघालं. दिवसभर धमाल झाली, पण सरकारला ओरखडाही उठला नाही, कारण जीभ घसरणं हे धोरण नसतं. उलट 'फ्री गिअर कीर' (फुकटच्या वस्तूंचा कीर) हे नाव त्याच सुमारास पडलं आणि चिकटलं. त्याच्यामागे त्यांना मिळालेल्या आणि संसदेच्या नोंदवहीत लिहिलेल्या भेटवस्तू होत्या.

२ जुलै २०२५ ला अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांच्या डोळ्यांत सभागृहातच पाणी आलं. त्या चित्रावर शेकडो मीम झाली असतील. मी ते चित्र वापरणार नाही. आदल्याच दिवशी स्वपक्षाचं बंड टाळायला सरकारने आपल्याच वेल्फेअर विधेयकातला गाभा काढून टाकला होता, टीकेचा विषय तो आहे. रडणाऱ्या बाईवर हसलं की बघणारा तिच्या बाजूला जातो आणि विधेयक बाजूला राहतं. ऋषी सुनक यांच्याबाबतीतही तेच. "लहानपणी आमच्याकडे स्काय टीव्ही नव्हता" हे त्यांचं २०२४ च्या निवडणुकीतलं गाऱ्हाणं मीमसाठी आयतं होतं. त्यांच्या कपाळावरचा टिळा मात्र कुणाच्याही मीमचा विषय नाही, आणि आपल्याच ग्रुपातला कुणी तसलं काही फॉरवर्ड करत असेल तर त्याला तिथेच टोका.

पुरावा आधी गोळा करा

सरकारचंच वाक्य आणि सरकारचाच आकडा, एवढा नियम पाळला तरी निम्मं काम होतं. ब्रिटनमध्ये हे सोपं आहे. सभागृहात कोण काय बोललं ते हॅन्सार्डमध्ये शब्दशः मिळतं. खासदारांना कोणी काय दिलं ते आर्थिक हितसंबंधांच्या रजिस्टरमध्ये असतं. खात्यांच्या घोषणा गव्ह डॉट यूकेवर असतात, महागाई-बेकारीचे आकडे ओएनएसकडे (सरकारी सांख्यिकी कार्यालय) आणि बजेटचं मोजमाप ओबीआरकडे (बजेट तपासणारी स्वतंत्र संस्था). वर्तमानपत्राच्या मथळ्यावर थांबू नका, मूळ पान उघडा आणि तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवा. जुनी ट्विटं उडतात.

'लेड बाय डाँकीज' नावाच्या चार मित्रांनी २०१९ मध्ये या पद्धतीचा कळस केला. नेत्यांची जुनी विधानं त्यांनी भल्यामोठ्या होर्डिंगवर ट्वीटच्या रूपात चिकटवली. त्यात तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांचं मे २०१५ चं ट्वीट होतं: निवड सोपी आहे, माझ्यासोबत स्थैर्य आणि भक्कम सरकार, नाहीतर एड मिलिबँडसोबत गोंधळ. ब्रेक्झिटच्या ऐन गोंधळात हे भिंतीवर दिसल्यावर खाली एक अक्षर लिहायची गरज नव्हती.

उलटं उदाहरणही आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सुनक यांनी एका बिअर महोत्सवात नळाखाली ग्लास धरून पाइंट भरला. मूळ फोटो पुरेसा गमतीदार होता, तरी कुणीतरी त्यात फेरफार करून ग्लास अर्धवट आणि फेसाळ दाखवला आणि तो फोटो लेबरच्या एका खासदाराने पुढे पाठवला. बातमी सुनक सरकारने नुकत्याच बदललेल्या दारूकराची व्हायची, ती खोट्या फोटोची झाली. २०१९ मध्ये काँझर्व्हेटिव्ह पक्षाने स्टार्मर यांच्या मुलाखतीची क्लिप अशी कापली की त्यांना उत्तरच सुचलं नाही असं वाटावं. मुलाखतीत त्यांनी उत्तर दिलेलं होतं. पक्षाची यंत्रणा असलं काही पचवून जाते. तुमच्या-माझ्या खात्याची पत मात्र एका फटक्यात जाते.

चित्र कुठून घ्यायचं

गूगलवर सापडलेला पहिला फोटो बहुधा एखाद्या वृत्तसंस्थेचा असतो आणि त्यावर कुणाचा तरी हक्क असतो. आधी फुकट आणि बिनधोक काय आहे ते बघा. संसदेच्या संकेतस्थळावरची खासदारांची अधिकृत छायाचित्रं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत, श्रेय दिलं की वापरता येतात. गव्ह डॉट यूकेवरचा बहुतेक मजकूर ओपन गव्हर्न्मेंट लायसन्सखाली येतो, पण राजचिन्ह आणि खात्यांचे लोगो त्यात धरलेले नाहीत. खात्याचा लोगो लावून खरी वाटेल अशी नोटीस बनवायच्या भानगडीत तर पडूच नका. तिला लोक खरी समजतात आणि मग विनोद राहत नाही.

परवान्याबाहेरचं चित्र वापरायचंच असेल तर १९८८ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३०ए हाताशी आहे. १ ऑक्टोबर २०१४ पासून विडंबन, अर्कचित्र आणि नक्कल यांसाठी दुसऱ्याची कलाकृती 'वाजवी' प्रमाणात वापरता येते. वाजवी किती, ते शेवटी न्यायालय ठरवतं. मूळ चित्राचं रूप तुम्ही जेवढं बदललं, आणि छायाचित्रकाराच्या धंद्याला जेवढा कमी धक्का लावला, तेवढे तुम्ही सुरक्षित. नुसता फोटो उचलून खाली दोन ओळी लिहिणं त्या मानाने कच्चं. बातमीसाठी म्हणून वापरण्याची जी वेगळी सवलत आहे, तिच्यात छायाचित्रं मुळातच येत नाहीत.

पीएमक्यूजची, म्हणजे पंतप्रधानांच्या साप्ताहिक प्रश्नोत्तरांची, क्लिप वापरण्याचा मोह प्रत्येकाला होतो. संसदेच्या चित्रीकरणाच्या अटींमध्ये व्यंगासाठी वापर करायला मनाई आहे. २०११ मध्ये या अटींपायी एका अमेरिकन व्यंगकार्यक्रमाचा एक भाग ब्रिटनमध्ये दाखवलाच गेला नाही. ज्या देशात खासदारांची बाहुली करून टीव्हीवर नाचवली, तिथे हा नियम आहे याची गंमत वाटते, पण आहे. मी हॅन्सार्डमधलं वाक्य घेतो आणि अधिकृत फोटोशेजारी ठेवतो. क्लिपपेक्षा ते वाचायलाही लवकर होतं.

एआयने केलेलं चित्र चालेल, जर ते पाहताक्षणी खोटं दिसत असेल तर. स्टार्मर चार हातांनी चष्मे गोळा करताहेत, ठीक. स्टार्मर एका खऱ्या दिसणाऱ्या कार्यालयात पाकीट घेताहेत, अजिबात नको. आवाज तर त्याहून नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये स्टार्मर आपल्या माणसांना शिवीगाळ करताहेत असा खोटा ऑडिओ फिरला, तेव्हा काँझर्व्हेटिव्ह पक्षाचे लोकही तो खोटा आहे असं सांगायला पुढे आले.

दोन ओळींचं काम

इथे वेळ घालवा. एक उदाहरण पायरीपायरीने करू.

२९ जुलै २०२४ ला रीव्ह्ज यांनी जाहीर केलं की पेन्शनरांना हिवाळ्यात मिळणारी विंटर फ्युएल पेमेंटची २०० किंवा ३०० पाउंडांची मदत यापुढे फक्त पेन्शन क्रेडिटसारखे (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांसाठीचे) लाभ घेणाऱ्यांनाच मिळेल. सुमारे एक कोटी पेन्शनर वगळले गेले. १० सप्टेंबरला सभागृहात मतदान झालं, ३४८ विरुद्ध २२८. त्याच आठवड्यांत रजिस्टरमधल्या नोंदी चर्चेत आल्या: लेबरचे देणगीदार लॉर्ड वहीद अली यांनी स्टार्मर यांना दिलेले १६,२०० पाउंडांचे कपडे आणि २,४८५ पाउंडांचे चष्मे.

पहिला मसुदा कुणालाही सुचतो: "आजीची शेगडी बंद, साहेबांना चष्मे." ऐकायला झणझणीत आहे, पण यातून असं वाटतं की आजीचे पैसे कापून चष्मे घेतले. तसं घडलेलं नाही. चष्मे एका दात्याने दिले, तेही स्टार्मर विरोधी पक्षनेते असतानाच्या काळात. नोंद झालेली होती. कुणी लेबरवाला खाली येऊन एवढंच लिहील आणि तुमचं मीम आडवं होईल.

दुसरा मसुदा: डावीकडे "पेन्शनरची थंडी: ३०० पाउंड. परवडत नाही." उजवीकडे "नेत्याचे चष्मे: २,४८५ पाउंड. भेट." दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि मधला संबंध बघणारा स्वतः जोडतो. याला कुणी खोटं म्हणू शकत नाही. फक्त जरा पाठ्यपुस्तकी वाटतं.

तिसरा: चष्मा घातलेला अधिकृत फोटो, वर "२,४८५ पाउंडांचे चष्मे", खाली "तरी पेन्शनर दिसेनात". हा मी लावेन. पहिली ओळ नोंदवहीतली, दुसरी माझं मत, आणि ते मत आहे हे कुणालाही कळतं. पुढे जून २०२५ मध्ये सरकारने माघार घेऊन ३५,००० पाउंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना मदत पुन्हा सुरू केली, तेव्हा त्याच चित्राखाली "दिसले!" एवढं लिहून भागलं असतं. चांगल्या मीमला असा दुसरा भाग निघतो.

मराठीत लिहिणाऱ्याला पुणेरी पाटीसारखा गुरू नाही. पाटी आरडाओरडा करत नाही, उद्गारचिन्ह वापरत नाही, थंडपणे नियम सांगते आणि समोरचा खलास होतो. जुलै २०१६ ते जुलै २०२४ या आठ वर्षांत १० डाउनिंग स्ट्रीटमध्ये मे, जॉन्सन, ट्रस, सुनक आणि स्टार्मर असे पाच नवे रहिवासी आले. काळ्या दाराचं चित्र घ्या आणि लिहा: "भाडेकरू वारंवार बदलतात. नावाची पाटी खडूने लिहावी." योगायोगाने इंग्रजांचाही विनोद असाच कोरडा असतो, त्यामुळे हे इंग्रजीत नेलं तरी बिघडत नाही.

वाचक कोण आहे ते मात्र आधी ठरवा. मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्स १३.८ वरून १५ टक्के झाला हे मालकवर्गाला झोंबतं, पण मराठी ग्रुपात त्याला दाद मिळणार नाही. तिथे इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज (व्हिसासोबत भरावी लागणारी सरकारी आरोग्यसेवेची फी) घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुनक सरकारने तो मोठ्यांसाठी वर्षाला १,०३५ आणि मुलांसाठी ७७६ पाउंड केला. आईवडील आणि दोन मुलं, पाच वर्षांचा व्हिसा: १८,११० पाउंड, सगळे आगाऊ. आता मीम: "भरले १८,११० पाउंड. जीपी म्हणाला, पॅरासिटामॉल घ्या." ज्याने जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) फोनवर सकाळी आठला रांग लावली आहे त्याला बाकी काही सांगावं लागत नाही. टोमणा डॉक्टरला नाही, पैसे घेऊनही यंत्रणा उपाशी ठेवणाऱ्याला आहे, हे सोबतच्या पोस्टमध्ये एका वाक्यात लिहून टाका.

मांडणी

चौकोनी किंवा जरा उभं चित्र, १०८० बाय १३५० पिक्सेल, फोनवर छान भरतं. मजकूर दोन ओळींच्या वर गेला की हात घसरला समजा. देवनागरीसाठी मुक्ता किंवा बलूसारखा ठसठशीत फाँट घ्या. इंग्रजी मीमसारखी जाड काळी किनार दिली की मात्रा आणि अनुस्वार बुजतात, म्हणून किनार बारीक ठेवा, नाहीतर अक्षरांमागे सरळ पट्टी टाका. दोन ओळींत अंतर जास्त सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडा. आकड्याचा स्रोत कोपऱ्यात बारीक अक्षरात चित्रातच लिहा, कारण व्हॉट्सॲपवर चित्र फिरतं आणि तुमची पोस्ट मागे राहते.

कायदा, गरजेपुरता

हे इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे बदनामीचे कायदे वेगळे आहेत.

सरकार म्हणून सरकार बदनामीचा दावा करू शकत नाही. डर्बीशर काउंटी कौन्सिलच्या खटल्यात १९९३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ते स्पष्ट केलं. मंत्री व्यक्ती म्हणून मात्र करू शकतो. २०१३ च्या कायद्याप्रमाणे त्याला गंभीर हानी दाखवावी लागते, आणि तुमच्याकडे सत्य किंवा प्रामाणिक मत हा बचाव असतो. मत खऱ्या वस्तुस्थितीवर उभं असलं पाहिजे, म्हणून वरचा पुराव्याचा खटाटोप.

"मी कुठे काय म्हटलं, नुसतं सूचित केलं" हा बचाव नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये एका टीव्ही बातमीनंतर लॉर्ड मॅकअल्पाइन यांचं नाव बालशोषणाच्या खोट्या अफवांत फिरत असताना तेव्हाच्या सभापतींच्या पत्नी सॅली बर्को यांनी ट्वीट केलं की मॅकअल्पाइन ट्रेंड का होताहेत, आणि पुढे तारांकनांमध्ये 'निष्पाप चेहरा' असे शब्द टाकले. हाय कोर्टाने त्यातून गंभीर आरोपच निघतो असा निकाल दिला. डोळा मारणारा इमोजी लावून कुणाला भ्रष्ट ठरवायच्या आधी हे आठवा. दुसऱ्याचं तसलं मीम पुढे ढकलणंही प्रसिद्ध करण्यातच मोडतं.

धमकी वाटेल असं काही नको, गमतीतही नाही. २०१० मध्ये विमानतळ उडवून देईन असं वैतागून ट्वीट करणाऱ्या एका तरुणाला २०१२ मध्ये हाय कोर्टाने निर्दोष सोडलं, पण तोवर त्याची नोकरी गेलेली होती. २०२३ च्या ऑनलाइन सेफ्टी ॲक्टने आणखी एक गुन्हा आणला: खोटं आहे हे माहीत असून, लोकांना इजा किंवा मानसिक त्रास व्हावा म्हणून पाठवलेला संदेश. मतदानाची खोटी तारीख किंवा इस्पितळ बंद झाल्याची नोटीस असलं काही 'मीम' म्हणून करू नका.

निवडणूक लागली की आणखी सांभाळा. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल खोटं विधान करणं १९८३ च्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तसं पत्रक काढल्याबद्दल फिल वुलस यांची खासदारकी २०१० मध्ये गेली. मीमला पैसे देऊन बूस्ट केलं तर ती राजकीय जाहिरात होते, आणि नोव्हेंबर २०२३ पासून तिच्यावर प्रकाशकाचं नाव-पत्ता असलेली इंप्रिंट लागते. फुकट टाकलेल्या वैयक्तिक मताला ती लागत नाही.

सिव्हिल सर्व्हिसमध्ये किंवा काउन्सिलमध्ये नोकरी असेल तर आधी तिथली आचारसंहिता वाचा. खासगी कंपनीतही सोशल मीडियाची पॉलिसी असते. हे कोर्टाआधी आडवं येतं.

कधी टाकायचं आणि पुढे काय

बुधवारी दुपारी बाराला पीएमक्यूज असतात, तेव्हा सगळ्यांचं लक्ष तिकडे असतं. बजेटचा दिवस आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधली पक्षांची अधिवेशनंही तशीच. साचा आधीच तयार ठेवा आणि आकडा त्या दिवशी भरा. सुनक यांनी २२ मे २०२४ ला भर पावसात छत्रीशिवाय निवडणूक जाहीर केली, तेव्हा ते भिजत असतानाच पहिली मीम निघाली होती. दोन दिवसांनी त्याच विनोदाला कुणी विचारलं नाही.

मीमसोबत एक करण्याजोगं काम द्या. संसदेच्या याचिकेला १०,००० सह्या झाल्या की सरकारला उत्तर द्यावं लागतं, एक लाख झाल्या की चर्चेसाठी विचार होतो. सरचार्जचं मीम टाकलं तर त्या विषयावरची याचिका खाली जोडा, नसेल तर आपल्या खासदाराला लिहायचा दुवा द्या. मतदारसंघातल्या रहिवाशाचं पत्र, तो कोणत्याही देशाचा नागरिक असो, खासदाराच्या कार्यालयात जातंच.

कुणी आकडा चुकीचा आहे असं दाखवलं आणि तो खरंच चुकीचा निघाला, तर मूळ पोस्ट काढा आणि दुरुस्त आकडा त्याच ठिकाणी टाका. वकिलाचं पत्र आलं तर लगेच उत्तर लिहू नका आणि ते पत्र पोस्टही करू नका. पुराव्याचे स्क्रीनशॉट एकत्र करा, काय खरं आणि काय मत ते वेगळं काढा, मग सॉलिसिटरला दाखवा. बदनामीच्या दाव्याची मुदत साधारण एक वर्ष असते. प्रत्येक पत्रापुढे दावा येतोच असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये ट्रस यांच्या वकिलांनी खुद्द स्टार्मर यांना पत्र धाडलं होतं, की आमच्या अशिलांनी अर्थव्यवस्था कोसळवली असं म्हणणं थांबवा. पंतप्रधानांच्या कार्यालयाने ते थांबवणार नसल्याचं सांगितलं.